अण्णा कॉलवर आहेत

१

मीटिंगच्या खोल्या लावून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. लावून देणं म्हणजे टेबलखुर्च्या नव्हेत. त्याची माणसं वेगळी आणि त्यांचा तोरा माझ्यापेक्षा मोठा. माझ्या वाट्याला भिंतीवरचा स्क्रीन, त्याच्याखालचा कॅमेरा, टेबलावरचा माइक आणि दाराबाहेरचा दिवा येतो. आत कॉल चालू असला की तो दिवा लाल, नसला की हिरवा. कॅमेऱ्याने सगळी खोली दाखवायची की बोलणाऱ्या माणसाला जवळ घ्यायचं, कॉल आला की घंटी वाजवायची की आपोआप उचलायचा, समोरच्याला आपण कसे दिसतोय ते आपल्यालाही कोपऱ्यातल्या लहान चौकटीत दाखवायचं की नाही, हे सगळं मी ठरवते. एका खोलीचं सेटिंग नीट बसलं की त्याचा साचा काढायचा आणि बाकीच्या खोल्यांवर उतरवायचा. नाहीतर प्रत्येक खोलीत तेच तेच करत बसावं लागलं असतं आणि मी कधीच म्हातारी झाले असते.

माझ्या साच्यात ती कोपऱ्यातली चौकट कायम बंद. चालू ठेवली की लोक आपले केसच सारखे करत बसतात आणि मीटिंग राहते बाजूला.

आमच्या मजल्यावरच्या खोल्यांना रंगांची नावं आहेत. निळी, हिरवी, पिवळी, आणि नाव ठेवणाऱ्याचे रंग संपत आले असावेत तेव्हाची राखाडी. ही राखाडी खोली मजल्याच्या पार टोकाला. एक टेबल, चार खुर्च्या, खिडकी नाही आणि एसी असा की तिथे बसणाऱ्याला काम उरकून पळायची घाई असते. त्यामुळे ती बहुतेक रिकामीच. मी दुपारचा डबा तिथे खाते. ऑफिसात माझ्यासोबत जेवणारं कोणी नाही. भांडण वगैरे नाही कुणाशी. मी ज्या खोलीत शिरते तिथलं काहीतरी बिघडलेलं असतं, म्हणून मला बघितलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, एवढंच.

२

अण्णा म्हणजे माझे वडील. शिंपी आहेत. आहेत म्हणजे अजूनही आहेत. वय झालं तरी मशीनवरून उठायचं नाव नाही. आमचं गाव इथून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि कापायचं टेबल, मागे स्वयंपाकघर आणि आईची खोली. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. आता मला अण्णा आणि अण्णांना मी, असा हिशेब आहे. मोठी जागा भाड्याने मिळाली की त्यांना कायमचं माझ्याकडे आणायचं, हे मी मनाशी धरून बसले होते. खरं सांगायचं तर पुढच्या आयुष्यात वाट बघावी असं माझ्याकडे तेवढं एकच होतं.

अण्णांना मोबाइल काही जमला नाही. बोट लावलं की भलतंच उघडतं म्हणायचे. मग ऑफिसने कॉलचं एक जुनं मशीन मोडीत काढलं, स्क्रीन, कॅमेरा, माइक, सगळं एकत्र असलेलं, ते मी साहेबांना विचारून उचललं आणि गावी नेऊन अण्णांच्या शिलाई मशीनच्या समोर फळीवर बसवलं. सगळं सेटिंग पहिल्यापासून कोण भरत बसणार? माझ्याकडे राखाडी खोलीचा साचा होता, तोच उतरवला. फक्त दोन बदल केले. कॉल आला की आपोआप उचलला जाईल असं केलं, म्हणजे त्यांना कुठे बोट लावायला नको. आणि घंटी काढली. मशीन चालू असताना दचकले तर सुई बोटातून जायची.

साचा ऑफिसचा, त्यामुळे अण्णांचं घर आमच्या खोल्यांच्या यादीत जाऊन बसलं. निळी, हिरवी, पिवळी, राखाडी, अण्णा. मला हसू आलं. नंतर काढू म्हटलं आणि राहून गेलं.

रोज दुपारी डबा उघडायचा आणि टेबलावरच्या टचस्क्रीनवर 'अण्णा'ला बोट लावायचं. भिंतीवर अण्णा यायचे, खाली मान घालून शिवत असलेले. त्यांना कळायचंच नाही. मग कधीतरी मान वर करायचे.

"आलीस का ठकू?"

ठकू मीच. लहानपणी मी त्यांच्या कतरणींच्या ढिगात बसलेली असायचे, म्हणून कापडाच्या बाहुलीचं नाव मला पडलं. ते बारशाच्या नावापेक्षा जास्त टिकलं.

"जेवतेस काय? आणि घरी कधी येतेस?"

"बघते, अण्णा."

"बघत काय बसलीस, मी काय चित्र आहे?"

रोज हेच. डबा संपला की मी घड्याळ बघायचे, ते म्हणायचे, जा, तुझी कामं खोळंबली असतील. मी कॉल बंद करायचे आणि कॅमेरा मान खाली घालायचा. आमचे कॅमेरे तसेच आहेत. काम नसलं की भिंग जमिनीकडे वळवतात. लोकांना वाटू नये की आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे.

३

एका दुपारी अण्णांनी विचारलंच नाही.

एसीच्या थंडीबद्दल बोलले, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांबद्दल बोलले. एका गिऱ्हाइकाने पोट सुटल्याचं खापर त्यांच्या शिवणीवर फोडलं, ते रंगवून सांगितलं. डबा संपला तरी तो प्रश्न येईना. रोज ज्याचा वैताग यायचा, त्याची मी वाट बघत बसले.

"अण्णा, आज विचारलं नाहीत, घरी कधी येतेस म्हणून?"

"सकाळी सांगितलंस की."

"सकाळी? मी कुठे फोन केला सकाळी?"

"हा असा. चांगली बसली होतीस. माझं सगळं अस्तर लावून झालं तोवर बसलीस."

"मी काय म्हणाले मग?"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लवकरच येते म्हणालीस. असं काय करतेस? झोप झाली नाही का? सकाळी तर छान दिसत होतीस. आता चेहरा उतरलाय."

मी घाबरले, पण वेगळ्याच कारणाने. म्हातारपणी माणसं काल-आजची गल्लत करतात, एकच गोष्ट चार वेळा सांगतात, शेवटी आपल्यालाच ओळखेनाशी होतात. त्याची मी कितीतरी दिवस धास्ती घेऊन होते. ते सुरू झालं असं वाटलं.

तरी धंद्याची खोड जात नाही. यादीत 'अण्णा' होतंच. कोणीतरी हिरवीऐवजी चुकून अण्णांना बोट लावलं असेल, समोर म्हातारा शिवताना बघून चार शब्द बोललं असेल, आणि अण्णांनी त्या मुलीला ठकू समजून घेतलं असेल. लांबून सगळ्याच मुली सारख्या. झालेल्या कॉलची नोंद बघायला गेले तर ती कोरी. साहेबांचा नियम आहे, कॉल संपला की त्याची नोंद आपोआप पुसली जाते. तो नियम मशीनमध्ये मीच भरलेला.

४

दुसऱ्या आठवड्यात सकाळी पिवळ्या खोलीचा माइक बघायला मी टोकाकडे चालले होते. मजला अजून भरला नव्हता. राखाडी खोलीच्या बाहेरचा दिवा लाल होता.

इतक्या लवकर तिथे कोण मरायला बसलंय, म्हणून मी दार ढकललं. माझा हात दारावर असतानाच दिवा हिरवा झाला. आत कोणी नव्हतं. चार खुर्च्या टेबलाला नीट लावलेल्या, स्क्रीन काळा. एसीचा आवाज, बस्स.

आणि कॅमेरा मान खाली घालत होता.

मी तो पूर्ण खाली जाईपर्यंत बघत राहिले. तो माझ्या रोजच्या खुर्चीकडून वळत नव्हता. शेजारच्या खुर्चीकडून वळत होता.

इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून बाहेरची ट्यूब बदलत होता. ऑफिसात माझ्याशी दोन शब्द बोलणारा तेवढा एकच माणूस, कारण लोक त्यालाही बघून आठ्या घालतात.

"आत कोण होतं हो?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी मघापासून इथेच लटकलोय वटवाघळासारखा."

"दिवा लाल होता."

"तुमच्या दिव्यांचं काय मला सांगता? परवा त्या हिरव्या खोलीच्या सेन्सरने साफसफाईच्या बादलीला माणूस धरलं होतं. तिच्यासाठी दिवे लावून ठेवले पूर्ण दुपार." तो खाली उतरला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? जेवायला तिथे एकट्या बसू नका. खाली कँटीनमध्ये या. भाजी वाईट असते, पण माणसं असतात."

येते म्हटलं. गेले नाही.

सेन्सर चुकतात, हे खरंच आहे. बादलीला माणूस धरतात, कोटाला धरतात, पडद्याच्या सावलीलाही धरतात. पण बादली कॉल लावत नाही. मी दिवसभर स्वतःशी वाद घालत होते आणि दोन्ही बाजूंनी मीच हरत होते.

५

मग मी दोन गोष्टी केल्या. लॅपटॉपवरून अण्णांच्या मशीनमध्ये शिरून आपोआप उचलणं बंद केलं, आणि ऑफिसच्या यादीतून 'अण्णा' खोडलं. आता त्यांचा नंबर फक्त माझ्या डोक्यात. साफ बंदोबस्त झाला म्हणून जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्त नीट बसला का ते बघायला निळ्या खोलीतून नंबर दाबला. अण्णांना आता कॉल उचलता येणार नव्हता, हे मला माहीत होतं. स्क्रीनवर नुसतं 'उत्तर नाही' यायला हवं होतं.

स्क्रीनवर आलं: 'अण्णा कॉलवर आहेत.'

मी ते दोनदा वाचलं. यादीतून खोडलं तरी त्या मशीनचं नाव अण्णाच होतं. मग मोबाइलवरून शेजारच्या काकूंना फोन लावला. या काकू अण्णांना दोन वेळचं जेवण देतात, आणि वर गावची खबर देतात ती फुकट.

"काकू, जरा अण्णांकडे डोकावता का? काय करतायत बघा."

"काय करणार? तुझ्याशी बोलतायत."

"मी तुमच्याशी बोलतेय ना, काकू."

"अगं, आत्ताच भाजी देऊन आले. तेव्हा बोलत होते. आत्ता ठेवला असशील तू. मला हातानेच म्हणाले, ठेवा तिथे, मग बोलू."

"तुम्ही स्क्रीन बघितलात का? कोण होतं स्क्रीनवर?"

"मी कशाला नाक खुपसू बापलेकीच्या मध्ये? आवाज आला ना तुझा. किती हसत होतीस! मला तर बाई फार बरं वाटलं. मध्यंतरी त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आता बघ, सकाळी उठून दाढी करून बसतात."

मी कधीपासून खळखळून हसले नव्हते ते मला नीट ठाऊक होतं. फोन ठेवून राखाडी खोलीकडे गेले. दिवा लाल. दाराच्या काचेला दुधी कागद लावलाय, त्यातून आतलं काही दिसत नाही. या खोल्यांतून आवाज बाहेर येत नाही, तशाच त्या बांधल्यात. मी कान लावला तेव्हा मला एसीसुद्धा ऐकू आला नाही.

दाराची मूठ धरून उभी राहिले. ढकलायची एवढीच गोष्ट होती. मला झेपलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती आत कोणी सापडेल याची होती की कोणीच सापडणार नाही याची, ते अजूनही सांगता येत नाही. दिवा हिरवा होईपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि मग मागच्या मागे माझ्या जागेवर जाऊन बसले.

६

अण्णांनी पाठवलेलं पार्सल त्याच आठवड्यात आलं. आत जाकीट. जाड निळं कापड, आतून मऊ अस्तर, काजं हाताने केलेली. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. अण्णांना लिहायचा कंटाळा.

मी ते माझ्या राहत्या खोलीवर नेऊन आरशासमोर घातलं.

अण्णांचं माप कधी चुकत नाही, हे मी लेक म्हणून कौतुकाने म्हणत नाहीये. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता त्याची छाती सांगायचे आणि मग टेप लावून तेच निघायचं. माझा डावा खांदा जरासा उतरता आहे. तो झाकायला ते माझ्या प्रत्येक कपड्यात डावीकडे एक बारीक पट्टी घालतात, शाळेच्या गणवेशापासून. हे माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी कळलं नव्हतं.

या जाकिटात ती पट्टी नव्हती. खांदे दोन्ही सरळ आणि इतके अरुंद की माझ्या पाठीवर शिवण ताणली जात होती. गळ्याचं बटण लागेना. आणि बाह्या माझ्या बोटांच्या खाली वीतभर लोंबत होत्या. दोन्ही अगदी सारख्या, कडा नीट दुमडून शिवलेल्या. चुकून लांब झालेली बाही कशी दिसते ते मला माहीत आहे, मी शिंप्याच्या घरात वाढलेय. ही चूक नव्हती. हे कोणाचं तरी बरोबर माप होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून अण्णांना कॉल लावला. लागला. आपोआप उचलणं परत चालू झालेलं होतं. मी नाही केलं.

"बसलं का गं?" त्यांनी अधीरपणे विचारलं.

"छान झालंय, अण्णा." खोटं बोलताना माझा आवाज चिरकला. "माप कुठून घेतलंत?"

"कुठून म्हणजे? तू उभी राहिलीस ना सकाळी. हात पसरून, गोल फिरून दाखवलंस. टेप नाही तर नाही, नजर आहे की अजून." ते खुश होते. "बारीक झालीस हं तू फार. कापताना मलाच नवल वाटलं. पण म्हटलं, डोळे काय खोटं सांगणार आहेत?"

जाकीट मी कपाटात, सगळ्यात खाली, गाठोडं करून टाकलं. त्या रात्री कपाटाला कुलूप घातलं, आणि आपण काय करतोय हे कळून रडू आलं.

७

"अण्णा, ते फळीवरचं मशीन बंद करा. मागची वायर ओढून काढा. मी दुसरं काहीतरी बघते."

"का? चांगलं चाललंय की."

"सकाळी तुमच्याशी बोलते ती मी नाही."

अण्णा हातातली कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ठकू, एक बोलू? रागावणार नाहीस ना? तू दुपारी येतेस तेव्हा घास तोंडात असतो आणि डोळा घड्याळावर. मी काही बोलत नाही. तुला कामं असतात, मला कळतं. पण सकाळी तू घड्याळ बघत नाहीस. माझं शिवून होईपर्यंत बसून राहतेस. आईच्या गोष्टी विचारतेस. मला म्हाताऱ्याला दुसरं काय पाहिजे? ती तू नाहीस म्हणतेस, बरं, नाहीस. पण मला वायर काढायला सांगू नकोस."

मी डबा तसाच बंद केला.

"मी उद्या येते," मी म्हणाले. "उद्याच. दुपारच्या बसने निघते आणि तुम्हाला घेऊन येते इकडे. जागा लहान आहे, पण भागवू. सामान बांधून ठेवा."

"मी कशाला येऊ?" अण्णांना खरंच आश्चर्य वाटलं. "आपलं ठरलंय ना, तूच येतेयस इथे. कायमची. आईची खोली रिकामी करून ठेवलीय मी. उद्या सकाळी सांगते म्हणालीस, कधी येणार ते."

त्यांच्या मागे, दाराच्या फटीतून आईच्या खोलीतला पलंग दिसत होता. त्यावर धुतलेली चादर अंथरलेली होती आणि उशी झटकून ठेवलेली.

"अण्णा, कोणी आलं तर दार उघडू नका. मी येईपर्यंत कोणालाच उघडू नका."

"तुलाही नाही?" ते हसले.

साहेबांकडून रजा घेतली. इलेक्ट्रिशियनने माझा घाबरलेला चेहरा बघून काय झालं विचारलं, तर वडिलांना बरं नाही म्हटलं. निघताना मी राखाडी खोलीत जाऊन मशीनची वायर भिंतीतून काढली, गुंडाळी करून टेबलाखाली ठेवली. काकूंना फोन करून अण्णांकडे झोपायला जा असं विनवलं. त्या म्हणाल्या, अगं, त्यांची लेक यायचीय म्हणून ते मलाच घर झाडायला लावतायत आणि तू काय रडतेस?

८

बस दुपारची होती. तेवढी सकाळ मोकळी सोडायची नाही, असं ठरवून मी मजल्यावर कोणी यायच्या आत पोचले. राखाडी खोलीचा दिवा हिरवा होता. आत गेले. वायर भिंतीत परत लावलेली. सफाईवाले दिसेल ती वायर दिसेल त्या भोकात खुपसतात, त्यांना मी कितीदा ओरडलेय. तेच असेल, असं मी मोठ्याने म्हणाले.

दार आतून लावून घेतलं. वायर उपटायला टेबलाखाली वाकले, तेवढ्यात वर उजेड पडला. घंटी नाही, काही नाही. मान वर केली तर भिंतीवर अण्णा. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा.

"आलीस?"

"आले, अण्णा." मी घाईघाईने खुर्चीवर बसले. वाटलं, बरं झालं, आधी मी पोचले. आता मी इथून उठणारच नाही. बस चुकली तरी चालेल. त्यांचं सगळं शिवून होऊ दे, संध्याकाळ होऊ दे.

"अण्णा, मी आज घड्याळ काढून ठेवलंय. आईचं सांगा ना काहीतरी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते थोडं बाजूला बघत होते आणि मान डोलावत होते. मधेच हसले. "हो, हो. तसंच करू," म्हणाले. मग थांबून ऐकलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. "चालेल. मी दार नुसतं लोटून ठेवतो, तू सरळ आत ये."

"अण्णा! कोणाशी बोलताय? मी इकडे आहे!"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. डास गुणगुणला की पडते तशी.

माझं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. तो माझ्याकडे वळलेला नव्हता. शेजारच्या खुर्चीकडे वळलेला होता. मी त्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. टेबलाला नीट लावलेली. मी हात लांबवून तिच्या पाठीवरून फिरवला आणि हाताला काही लागलं नाही.

मग मी जे माझ्या साच्यात कधीच चालू नसतं ते चालू केलं. बोटांना रस्ता पाठ आहे. सेटिंग, व्हिडिओ, स्वतःचं चित्र. स्क्रीनच्या कोपऱ्यात लहान चौकट उघडली. अण्णांना जे दिसत होतं, ते मला दिसलं.

चौकटीच्या एका कडेला मी होते. अर्धीच. एक कान, उतरता खांदा, टचस्क्रीनवरचा हात. बाकी सगळी चौकट केसांनी आणि गालाने भरलेली होती. कॅमेऱ्याच्या इतकं जवळ कोणीतरी बसलं होतं की चेहरा चौकटीत मावत नव्हता. केसांचा भांग माझ्यासारखा पाडलेला. गाल हलत होता, बोलताना हलतो तसा.

मी किंचाळले की नाही, ते आठवत नाही. अण्णा मात्र बोलायचे थांबले.

"ठकू, तुझ्या शेजारी कोण आहे गं?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, मी! मी ठकू! माझा खांदा बघा, अण्णा. डावा खांदा बघा!"

चौकटीतला गाल थोडा हलला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा निवळला.

"असं होय. मशीन दुरुस्त करायला आल्यात होय."

मग ते माझ्याकडे वळले. पहिल्यांदा, सरळ माझ्याकडे. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की ते जसे हसतात, तसे अदबीने हसले.

"बाई, राग मानू नका. तेवढ्या बाजूला सरकता का जरा? माझी मुलगी मला नीट दिसत नाहीये."

माझ्या वडिलांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. घरी कधी येतेस, एवढंच विचारत होते.

मी खुर्ची मागे सरकवली. कॅमेरा हळूच आणखी जवळ गेला, चौकटीतून माझा कान गेला, खांदा गेला, शेवटी हातही गेला. आणि अण्णांचा चेहरा असा खुलला, जसा मी तो आई असताना पाहिला होता.